तालुका कोर्टातून वरिष्ठ वकिलीकडे: सरकारविरुद्धच्या वकिलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात अजूनही मोठ्या वकिलाला 'बॅरिस्टर' म्हणतात. आज बॅरिस्टर होता येतं का?

इंग्लंडात होता येतं. लंडनच्या लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या चारपैकी एका संस्थेत नाव घालायचं, बारचा अभ्यासक्रम पुरा करायचा आणि पुढे वर्षभर उमेदवारी करायची, असा तिकडचा रस्ता आहे. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. आपल्याकडे १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने वकिलांचे दोनच वर्ग ठेवले, वरिष्ठ वकील आणि बाकीचे वकील. तिकडे ज्याला 'सिल्क', म्हणजे रेशमी गाऊनचा मान, घेतलेला किंग्ज कौन्सेल म्हणतात, त्याच्या जवळचं आपलं पद म्हणजे वरिष्ठ वकील. बॅरिस्टर हा शब्द आता मानाचा उरला आहे, सनदेचा नाही.

सार्वजनिक कायदा म्हणजे नेमकं काय? दिवाणी वकील हेच करतो ना?

शेजाऱ्याने वावरात जायची वाट अडवली तर ते दोघांचं भांडण. त्यासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५ आहे, तहसीलदाराकडे अर्ज करा. पण तहसीलदाराने तो अर्ज दोन वर्षं कपाटात ठेवला, किंवा तुमचं न ऐकता निकाली काढला, तर तक्रार शेजाऱ्याविरुद्ध राहत नाही. ती अधिकाराच्या वापराविरुद्ध होते. तिथून सार्वजनिक कायदा सुरू होतो. प्रश्न एवढाच असतो: हा अधिकार या अधिकाऱ्याला कोणत्या कलमाने मिळाला, आणि त्याने तो त्या कलमाच्या चौकटीत वापरला का?

जात पडताळणी, सरपंचाची अपात्रता, भूसंपादन, वनहक्क, शिक्षकांच्या मान्यता, कामांच्या निविदा, निलंबन, गौण खनिजाचा दंड हे सगळं यात येतं. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतली ही प्रकरणं संविधानाच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जातात. अशा अर्जाला रिट याचिका म्हणतात.

शिक्षण कुठे घ्यावं? मोठ्या विधी विद्यापीठातच जायला हवं का?

बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं. राज्यातल्या कॉलेजांसाठी राज्याच्या सीईटी सेलची विधी सीईटी, नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ इथे विधी महाविद्यालयं आहेत आणि तिथून शिकून खंडपीठात उत्तम काम करणारे पुष्कळ आहेत. विधी विद्यापीठाचा फायदा असा की वाचनाची आणि इंग्रजी लिखाणाची सवय लवकर लागते. फी जास्त आहे, कर्ज काढून जायचं तर पहिली पाच वर्षं वकिलीत मिळकत कमी असते हे हिशोबात धरा.

सनदेला खर्च किती आणि परीक्षा कोणती?

नोंदणी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे होते. कायद्यातली फी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्य बार कौन्सिलला नोंदणीसाठी यापेक्षा जास्त घेता येणार नाही. स्टँपचा खर्च वेगळा. नंतर अखिल भारतीय बार परीक्षा: १०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. टिपा नसलेली कोरी कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात. कोरं पुस्तक चाळायची सवय नसलेलेच यात आपटतात.

ज्युनिअरशिप तालुक्यात करावी, जिल्ह्यात की थेट नागपुरात?

आमचं मत सरळ आहे: आधी दोन-तीन वर्षं तालुका किंवा जिल्हा, मग नागपूर. रिटमध्ये साक्षीदार तपासले जात नाहीत, शपथपत्रावर आणि कागदावर निकाल होतो. आणि तो कागद तयार होतो तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या, मुख्याध्यापकाच्या टेबलावर. (यातल्या पहिल्या दोन पदांची नावं २०२४ मध्ये बदलली, पण जुन्या कागदांवर तीच सापडतील आणि गावात अजून तीच बोलली जातात.) फेरफार कसा पडतो, पंचनाम्यावर सह्या कधी घेतात, ग्रामसभेचं इतिवृत्त कोण आणि केव्हा लिहितो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला समोरच्या शपथपत्रातली फट लगेच दिसते. थेट नागपुरात सुरुवात केलेल्याला ती दाखवून द्यावी लागते.

उलट तोटाही आहे. तालुक्यात दहा वर्षं राहिलात तर इंग्रजी मसुद्याचा हात बसत नाही आणि खंडपीठाची रीत अनोळखी राहते. पाचव्या वर्षाच्या आत हलायला हवं.

मानधन?

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस आहे, सक्ती नाही. रुजू होण्याआधी रक्कम, सुट्टी आणि स्वतःच्या केसेस चालवायची मुभा, या तिन्ही गोष्टी तोंडावर विचारून घ्या. नंतर विचारणं अवघड जातं.

जात पडताळणीच्या केसेस विदर्भात इतक्या का, आणि त्या शिकायच्या कशा?

२००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमात पडताळणी समितीच्या निर्णयावर अपिलाची सोय नाही. कलम ७(२) प्रमाणे फक्त अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय. त्यामुळे समितीने दावा फेटाळला की फाइल नागपूरला येते. कलम ८ प्रमाणे दावा सिद्ध करायचं ओझं अर्जदारावर असतं. त्यात विदर्भाचा स्वतःचा इतिहास आहे. हलबा-कोष्टींना अनुसूचित जमातीचा लाभ मिळणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा मिलिंद प्रकरणातला निकाल २८ नोव्हेंबर २००० चा, आणि त्याचे धागे अजून अनेक घरांच्या नोकऱ्यांत अडकलेले आहेत.

शिकायचं ते नोंदवहीपासून. पूर्व विदर्भात शोधायचे कागद असे: जन्ममृत्यूची कोतवाल पंजी, शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर, बंदोबस्ताची मिसल (जुन्या जमीन मोजणी-आकारणीची नोंद), अधिकार अभिलेख. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीच्या नोंदीला वजन जास्त.

आता एक नोंद जवळून पाहू. समजा १९३७ च्या दाखल-खारीजमध्ये आजोबांचं नाव आहे आणि जातीच्या रकान्यात 'माना' लिहिलंय. तेवढ्यावर खूश होऊ नका. अनुक्रमांक वरच्या-खालच्या ओळीशी जुळतो का? त्या रकान्यातली शाई ओळीतल्या बाकीच्या शाईसारखीच आहे का? आजोबांच्या नावापुढचं वडिलांचं नाव वंशावळीतल्या नावाशी जुळतं, की 'सोमा'चा 'सोम्या' झालाय? आडनाव लावलं आहे का, कारण त्या काळात बऱ्याच नोंदींत नसायचं. समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर उघडून हेच पाहतं. म्हणून वकिलाने प्रमाणित प्रतीवर न थांबता शाळेत जाऊन मूळ पान पाहावं. खाडाखोड निघाली तर ती आपणच आधी सांगावी. समितीने शोधून काढली की बाकीचे खरे कागदही संशयात जातात.

दुसरी चूक म्हणजे वंशावळ घाईत लिहिणं. चुलत आजोबांचं वैधता प्रमाणपत्र जोडलं, पण ते नातं दाखवणारा एकही कागद नाही, अशा फाइली ढिगाने येतात. नातं वडिलांकडचं आणि रक्ताचं असावं लागतं. चालीरीती, देव, बोली यांच्या प्रश्नोत्तरांवर, म्हणजे अ‍ॅफिनिटी टेस्टवर, समिती दावा फेटाळते तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल हाताशी ठेवा: ही चाचणी एकमेव कसोटी नाही आणि दरवेळी ती लावलीच पाहिजे असंही नाही.

रिट याचिका तयार होते कशी?

आदेशापासून. आदेशाची प्रमाणित प्रत नसेल तर आधी ती मिळवा. कारवाईची फाइल हवी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, फी १० रुपये, मुदत ३० दिवस, प्रतीला पानामागे २ रुपये. फाइलमधली टिपणी बऱ्याचदा आदेशापेक्षा जास्त बोलते. कनिष्ठ लिपिकाने 'नोटीस बजावली नाही' असं टिपणीत लिहिलेलं असतं आणि वरच्या साहेबांनी आदेशात 'पुरेशी संधी देण्यात आली' असं म्हटलेलं असतं.

मग तारखांची यादी. ही एका पानाची, डावीकडे तारीख, उजवीकडे एक ओळ आणि पानाचा क्रमांक. न्यायमूर्ती आधी हेच पान वाचतात, म्हणून यात विशेषणं घालायची नाहीत. त्यानंतर अधिकार देणारं कलम आणि नियम, त्यावरचा शासन निर्णय, आणि तो जीआर पुढच्या जीआरने रद्द झाला नाही ना याची खात्री. जीआर कायद्याच्या किंवा नियमांच्या वर जाऊ शकत नाही, हे सांगायला सोपं आणि विसरायलाही सोपं. मुद्दे सहा-सात पुरेत. शेवटी मागण्या: अंतिम मागणी आणि तोवरची अंतरिम मागणी, दोन्ही वेगळ्या.

मग याचिका पडते कशामुळे?

बहुतेक वेळा या चार कारणांनी.

ज्याच्या विरुद्ध निकाल लागेल त्यालाच पक्ष केलेलं नसतं. उदाहरणार्थ, अपात्रतेची तक्रार करणारा सदस्य, किंवा निविदा मिळालेला कंत्राटदार.

आधी दुसरीकडे केलेला अर्ज किंवा दावा लपवलेला असतो. हे उघड झालं की मुद्दा कितीही चांगला असो, न्यायालय दार लावून घेतं.

उशीर. इंग्लंडात अशा याचिकेला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. आपल्याकडे ठरीव मुदत नाही, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. वर्षानंतर आलात तर मधल्या प्रत्येक टप्प्याचं कारण तारखेनिशी द्यावं लागतं. फक्त 'निवेदनं देत होतो' म्हटल्याने चालत नाही.

आणि पर्यायी उपाय. त्याचं उत्तर खाली वेगळं दिलंय, कारण तरुण वकिलांची सगळ्यात जास्त वर्षं इथेच वाया जातात.

थेट हायकोर्टात का जाता येत नाही?

काही वेळा येतं. मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्याय न पाळणं, अधिकारच नसताना दिलेला आदेश, किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान, या चार परिस्थितींत पर्यायी उपाय असूनही रिट चालू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या व्हर्लपूल निकालात म्हटलं. एरवी आधी ठरलेलं दार ठोठवा.

राज्य शासनाचा कर्मचारी असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं (मॅट) नागपूर खंडपीठ, साधारण एक वर्षाच्या आत. मॅटच्या निर्णयावर उच्च न्यायालय. जिल्हा परिषदेचा कर्मचारी मॅटमध्ये जात नाही. खासगी शाळेतल्या शिक्षकाला बडतर्फ केलं तर खासगी शाळा कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरण, ३० दिवस. महसुली आदेशांवर जमीन महसूल संहितेची अपिलं. ग्रामपंचायत निवडणुकीच्या निकालावर १५ दिवसांत निवडणूक याचिका, कारण अनुच्छेद २४३-ण न्यायालयांना निवडणुकीत हात घालू देत नाही.

भूसंपादनात तर गल्लत नेहमीची. 'मोबदला कमी मिळाला' ही रिट नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ६४ खाली, मोबदला वाढवून मागायला, सहा आठवड्यांचा हिशोब असलेला संदर्भ अर्ज आहे. 'जमीन घेतली, कालवा खोदला, निवाडाच नाही' ही मात्र रिट आहे, मालमत्तेच्या हक्काच्या अनुच्छेद ३००-अ वर उभी. गोसीखुर्द धरणाच्या पट्ट्यात दोन्ही प्रकारचे लोक एकाच वकिलाकडे एकाच दिवशी येतात, आणि दोघांना एकच उत्तर देणारा वकील एकाचं नुकसान करतो. या विषयात नागपूरच्याच जमिनीवरचा एक निकाल पाठ असावा: नागपूर सुधार प्रन्यास विरुद्ध विठ्ठलराव, १९७३. कोणत्या कायद्याखाली जमीन घेतली यावरून मोबदल्यात भेद करता येत नाही, कारण जमीन गमावणाऱ्याला दोन्हीकडे तोटा सारखाच.

सरपंच किंवा सदस्याची अपात्रता: कुठे चुकतं?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४(१)(ज-३), सरकारी जागेवरचं अतिक्रमण. निर्णय जिल्हाधिकाऱ्याचा, त्यावर कलम १६ प्रमाणे १५ दिवसांत अपील, मग उच्च न्यायालय. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा फायदा घेणारा सदस्यही यात सापडतो. तक्रारदार नमुना ८ चा उतारा जोडून मोकळे होतात. पण नमुना ८ कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. भूमी अभिलेखाची मोजणी, ती करताना सदस्याला दिलेली नोटीस आणि जागा नेमकी कोणाची हे तीन कागद नसतील तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वर टिकणं कठीण. आपण सदस्याच्या बाजूने असू तर शोधायचं तेच.

आदेशात कारण नव्हतं, पण सरकारने शपथपत्रात छान कारण दिलं. मग?

मग ते कारण बाजूला ठेवायला सांगा. १९७८ च्या मोहिंदर सिंग गिल निकालापासून नियम असा की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच उभा राहतो किंवा पडतो. नंतर शपथपत्राने त्याला टेकू लावता येत नाही. हा एक मुद्दा जितक्या याचिका जिंकून देतो तितक्या मोठमोठी भाषणं देत नाहीत.

जनहित याचिका करून नाव लवकर होतं का?

होतं, आणि लवकर जातंही. मुंबई उच्च न्यायालयाचे २०१० चे जनहित याचिका नियम वाचा: याचिकाकर्त्याने आपला वैयक्तिक स्वार्थ नाही हे शपथेवर सांगायचं असतं. विरोधी गटाच्या पैशाने केलेली याचिका दुसऱ्या तारखेला उघडी पडते. खरा विषय असेल तर अभ्यास खोल लागतो. झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनी आहेत हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २२ मे २०२५ चा. तो समजायला जुने महसुली अभिलेख, निस्तार पत्रक (चराई, सरपण, पाणी अशा गावाच्या सामायिक हक्कांची नोंद) आणि १९८० चा वन कायदा एकत्र वाचावे लागतात. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवरच्या अतिक्रमणाचंही तसंच. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजाऱ्या गेल्या, पण तलावातून पाणी घ्यायचे गावाचे हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावाच्या रूढी-हक्कांच्या नोंदीत, लिहिलेले आहेत. ही दोन कागदपत्रं न पाहता तलावावर याचिका करू नये.

सरकारी वकील झालं तर पुढच्या कारकिर्दीला अडचण येते का?

उलट. दिवसाला वीस फाइली वाचून उभं राहायची सवय तिथेच लागते, आणि खात्यात निर्णय कसा शिजतो ते आतून दिसतं. भूषण गवई यांचा क्रम पाहा: १९८५ मध्ये वकिली सुरू, १९९० नंतर मुख्यतः नागपूर खंडपीठात, महापालिका आणि विद्यापीठाचे वकील, १९९२-९३ मध्ये सहायक सरकारी वकील, २००० मध्ये सरकारी वकील, २००३ मध्ये न्यायमूर्ती, १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश. शरद बोबडे १९७८ मध्ये सनद घेऊन १९९८ मध्ये वरिष्ठ वकील झाले, २००० मध्ये न्यायमूर्ती आणि २०१९ मध्ये सरन्यायाधीश. दोघेही नागपूरच्या बारचे. एकच खबरदारी: सरकारी वकिलांचं पॅनल सुटल्यावर ज्या प्रकरणात सरकारला सल्ला दिला त्यातच विरुद्ध बाजूने उभं राहू नका.

वरिष्ठ वकील हे पद मिळतं कसं?

अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम १६(२): क्षमता, बारमधलं स्थान किंवा कायद्याचं विशेष ज्ञान वा अनुभव पाहून उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय, वकिलाच्या संमतीने, हे पद देतं. २०१७ च्या इंदिरा जयसिंग निकालाने स्थायी समिती आणि शंभर गुणांचा तक्ता आणला. २०२३ मध्ये त्या गुणांत फेरबदल झाले. १३ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुणांची पद्धतच काढून टाकली आणि निर्णय फुल कोर्टाकडे, म्हणजे त्या न्यायालयाच्या सगळ्या न्यायमूर्तींच्या बैठकीकडे, ठेवला. किमान दहा वर्षांची वकिली ही अट कायम आहे. त्याच निकालात जिल्हा आणि सत्र न्यायालयांत काम करणाऱ्यांचाही विचार व्हावा असं म्हटलं आहे; गावाकडच्या वकिलाने हे वाक्य लक्षात ठेवावं. अर्ज करताना उच्च न्यायालयाची त्या दिवशी लागू असलेली नियमावलीच वाचा, जुन्या तक्त्याच्या झेरॉक्स अजून फिरताहेत.

तयारी मात्र पंधरा वर्षं आधीपासून: आपण युक्तिवाद केलेल्या आणि कायद्याचा मुद्दा ठरलेल्या निकालांची वही, निकालात आपलं नाव बरोबर छापलंय का याची तपासणी, आणि विनामूल्य चालवलेल्या प्रकरणांची नोंद. ऐन वेळी हे गोळा होत नाही.

पद मिळाल्यावर काय बंद होतं?

बरंच. वकालतनामा दाखल करता येत नाही. सोबत दुसरा वकील असल्याशिवाय उभं राहता येत नाही. पक्षकाराकडून थेट केस घेता येत नाही, याचिका लिहून द्यायचं काम स्वीकारता येत नाही; ज्युनिअरने केलेला मसुदा तपासून पक्का करता येतो. गाऊनही वेगळ्या शिवणीचा.

आर्थिक अर्थ असा की आता केस आणणारे पक्षकार नाहीत, वकील आहेत. ज्याची सगळी वकिली थेट गावातून येणाऱ्या माणसांवर चालते, त्याचं घर पद मिळाल्यावर वर्ष-दोन वर्षं ओढाताणीत जाऊ शकतं. चिमूर, दर्यापूर, पुसद, मूल इथल्या वकिलांनी तुम्हाला ब्रीफ, म्हणजे युक्तिवादाचं काम, द्यावी असं नातं आधीच जमलेलं हवं. घाईने पद घेऊ नका असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

मराठी माध्यमातून शिकलो. अडेल का?

खालच्या न्यायालयांचं काम मराठीत, उच्च न्यायालयाचं इंग्रजीत. अडतं ते बोलण्यात कमी आणि लिहिण्यात जास्त. रोज एक निकाल वाचून त्याचा सार दहा ओळींत इंग्रजीत लिहा, वर्षभर. तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी विकत मिळत नाही: 'ताबा', 'वहिवाट', 'निस्तार' यांतला फरक तुम्हाला भाषांतर न करता कळतो. सातबाऱ्याचं भाषांतर चुकल्याने प्रकरण वेगळ्याच वळणावर गेलेलं दिसतं तेव्हा याची किंमत समजते.

पक्षकाराकडे फीचे पैसे नाहीत.

१९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ दाखवा. महिला, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, मुलं, दिव्यांग आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीत करता येतो; उच्च न्यायालयाच्या प्रकरणासाठी नागपूरला उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती आहे. धारणी किंवा सिरोंचाच्या माणसाला प्रत्येक तारखेला नागपूरला यायची गरज नसते, हेही त्याला पहिल्याच दिवशी सांगा. पुष्कळ जण मजुरी बुडवून उगाच येतात.

जिंकलो, पण कार्यालय आदेश पाळत नाही. पुढे?

आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि नुसत्या टपालाने न पाठवता आवक क्रमांक टाकून घेऊन कार्यालयात द्या. पोच देणाऱ्या लिपिकाचा शिक्का आणि तारीख स्पष्ट उमटली आहे का ते तिथेच पाहा. आदेशात मुदत असेल तर ती संपल्यावर लेखी आठवण द्या, नसेल तर वाजवी मुदत देऊन पत्र द्या. मग अवमान याचिका. १९७१ च्या कायद्याचं कलम २० अवमान घडल्यापासून एक वर्ष म्हणतं, आणि स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने ते वर्ष लांबत नाही. अधिकाऱ्याचं नाव पदासह टाका. मधे बदली झाली असेल तर आदेश कोणाच्या काळात कार्यालयात पोहोचला ते आवक नोंदवहीवरून आधी पक्कं करा.